प्लेटलेट २६ हजार, म्हणून पानथरी काढायची का?

अमळनेर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे. पत्नी ३१ वर्षांची, चार वर्षांची एक मुलगी, दुसऱ्या बाळाचा विचार चालू. चार महिन्यांपूर्वी पायांवर लाल-जांभळे ठिपके उठले, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि तपासणीत प्लेटलेट ९ हजार निघाल्या. आधी डेंगी समजून चार पिशव्या चढवल्या, त्या टिकल्या नाहीत. मग आयटीपी (आपलीच प्रतिकारशक्ती प्लेटलेट नष्ट करते तो आजार) असं निदान होऊन प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. आकडा १ लाख ४० हजारांवर गेला, पण गोळी १० मिलिग्रॅमच्या खाली आणली की तो पुन्हा २६ हजारांवर येतो. आता पानथरी (प्लीहा) काढा असा सल्ला मिळाला आहे. घरी पपईच्या पानांचा रस चालू आहे. शेवटी एक प्रश्न त्यांनी जरा संकोचून विचारला आहे: चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचा तिचा नवस आहे, तो फेडता येईल का?

भाऊ, खान्देशात रक्ताच्या आजारांचं काम करून मला बावीस वर्षं झाली. तुमच्यासारखी चिठ्ठी दर पावसाळ्यानंतर येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी तुमच्या जिवाला घोर लागलेल्या प्रश्नाचं उत्तर: पानथरी आज काढायची घाई नाही. २६ हजार आणि रक्तस्राव नाही, ही धावपळ करायची अवस्था नव्हे. मात्र माझं हे उत्तर वाचून गोळ्या कमीजास्त करू नका. चार महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड लगेच बनवू शकत नाही. माणूस गळून जातो, रक्तदाब खाली येतो, प्रसंगी जिवावर बेततं.

या आजारात होतं काय, ते आधी समजून घ्या. प्लेटलेट हाडांच्या मगजात तयार होतात आणि साधारण आठ-दहा दिवस रक्तात फिरतात. आयटीपीत आपलीच प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजते, त्यांच्यावर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) चिकटवते, आणि अशा खूण केलेल्या प्लेटलेट पानथरी वेचून नष्ट करते. दहा दिवस जगायची ती काही तासांत संपते. मगजातल्या प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींवरही हाच मारा होतो, त्यामुळे उत्पादनही हवं तेवढं वाढत नाही. दोष रक्तातच आहे हे १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉ. हॅरिंग्टन यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. आयटीपीच्या रुग्णाचं रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट धोक्याच्या पातळीपर्यंत उतरल्या, आणि पूर्ववत व्हायला काही दिवस लागले.

तुमच्या चार पिशव्या का टिकल्या नाहीत, त्याचं उत्तर यातच आहे. चढवलेल्या प्लेटलेटही त्याच वाटेने जातात. डोक्यात किंवा पोटात जीवघेणा रक्तस्राव असेल तेव्हा आम्ही पिशव्या देतो, पण सोबत इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) आणि शिरेतून स्टेरॉइडही देतो. नुसता आकडा वर दिसावा म्हणून पिशव्यांसाठी नातेवाइकांनी जळगाव-धुळ्याला रात्री-बेरात्री धावायचं, हे मी किती वेळा पाहिलंय. त्यात पैसा जातो, रक्तदात्यांचं दान जातं आणि दुसऱ्या दिवशी आकडा तिथेच असतो.

डेंगीशी गल्लत होणं साहजिक आहे. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे ज्याला त्याला ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं सांगितलं जातं. खरं तर प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत, पण तो शब्द आता इतका रुळलाय की मीही समजून घेतो. डेंगीत ताप असतो, अंग मोडतं, आणि ताप उतरल्यावर काही दिवसांत प्लेटलेट आपोआप चढतात. आयटीपीत बहुधा ताप नसतो, माणूस हिंडता-फिरता असतो, आणि आकडा आठवडे उलटले तरी वर येत नाही.

उलट बाजूची चूकही आपल्याच भागात जास्त होते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ अंशांवर पारा जातो आणि घरोघरी कुणाचा तरी घोळणा फुटतो. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा, गुलकंद, डोक्यावर ओला रुमाल. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं, कारण त्यांच्या प्लेटलेट चांगल्या असतात. पण घोळण्यासोबत पायांवर टाचणीच्या टोकाएवढे, दाबल्यावर न विरणारे ठिपके असतील, मार न लागता काळे-निळे डाग पडत असतील, किंवा पाळी नेहमीपेक्षा फार जात असेल, तर तो उन्हाळा नव्हे. त्याच दिवशी रक्त तपासायचं. बायका अंगावरून जास्त जातं हे महिनोन्‌महिने सांगतच नाहीत. माझ्याकडे आलेल्या एक ताई सात महिने तशाच शेतात जात होत्या. हिमोग्लोबिन ५ वर आलं तेव्हा त्या आल्या, आणि प्लेटलेट कमी असल्याचं तेव्हा कळलं.

आता निदानाबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या बाबतीत इथे अजून काम शिल्लक आहे. आयटीपी असल्याचं ठामपणे सांगणारी एक अशी तपासणी नाही. बाकीची कारणं बाजूला सारत तिथे पोहोचावं लागतं. सगळ्यात महत्त्वाची तपासणी स्वस्त आहे: रक्ताचा थेंब काचेवर पसरून डोळ्यांनी पाहणं. मशीनचा आकडा फसवा असू शकतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, आणि मशीन त्या मोजत नाही. तालुक्याला काढलेलं रक्त दुपारच्या बसने जिल्ह्याच्या लॅबला जातं, वाटेत चार-पाच तास मोडतात, तेव्हा हे आणखी वाढतं. अशा वेळी निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजायचं. १८ हजार म्हणून घाबरलेल्या एका तरुणाच्या प्लेटलेट अशा मोजल्यावर पावणेदोन लाख निघाल्या, त्याला कसलाच आजार नव्हता.

काचेवर आणखीही दिसतं. तुटक्या लाल पेशी दिसल्या तर टीटीपी नावाचा वेगळा, अत्यंत घाईचा आजार असू शकतो. त्यात प्लाझ्मा बदलावा लागतो आणि तास मोजावे लागतात. अपक्व पेशी दिसल्या तर रक्ताचा कर्करोग शोधायचा. मोठाल्या लाल पेशी असतील तर बी-१२ ची कमतरता, मलेरियाचे जंतू असतील तर मलेरिया. पोट तपासताना पानथरी हाताला लागली तर मी तरी आयटीपी म्हणायला तयार होत नाही, कारण या आजारात ती सहसा वाढत नाही. धडगाव, अक्कलकुवा, चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यातून आलेल्या रुग्णाची पानथरी मोठी असेल तर आधी मलेरिया, सिकलसेल आणि यकृताचे आजार पाहायचे. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल किती आहे हे तिथल्या प्रत्येक आरोग्यसेविकेला माहीत आहे.

तुमच्या पत्नीच्या कागदांत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा आणखी एक आजार) यासाठीची एएनए तपासणी झाली आहे का ते पाहा. तरुण बाईत आयटीपीच्या आड ल्युपस लपलेला असू शकतो. पूर्वी गर्भपात झाले असतील किंवा शिरेत गुठळी झाली असेल तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडंही तपासून घ्यायची. पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी शौचाची किंवा श्वासाची चाचणी करून घ्या. तो सापडला आणि दोन आठवड्यांच्या औषधांनी गेला तर काहींच्या प्लेटलेट तेवढ्यावरच चढतात. आणि गेल्या चार-सहा महिन्यांत घेतलेलं प्रत्येक औषध, मेडिकलवरून मागून आणलेल्या गोळ्यांसकट, कागदावर लिहून काढा. मगजाची सुई, म्हणजे हाडातला मगज सुईने काढून तपासणं, मात्र प्रत्येकाला लागत नाही. बाकी सगळं आयटीपीला जुळत असेल तर ती टाळता येते.

उपचाराचं मुख्य सूत्र असं, आणि ते घरात सगळ्यांना वाचून दाखवा: आम्ही आकड्यावर उपचार करत नाही, रक्तस्रावावर करतो. निरोगी माणसाला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, पण रक्त थांबायला एवढ्या लागत नाहीत. मोठ्या माणसात ३० हजारांच्या वर असून रक्त कुठूनही येत नसेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. दीड लाखाचा हट्ट धरला की माणूस औषधांनी खचतो. आयटीपीने जितकं नुकसान झालेलं मी पाहिलंय, त्याहून अधिक नुकसान बेहिशेबी स्टेरॉइडने झालेलं पाहिलंय.

स्टेरॉइड वाईट आहे असं नाही. सुरुवातीला तेच द्यावं लागतं: वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, किंवा डेक्सामेथासोन ४० मिलिग्रॅम रोज असं चार दिवस. बहुतेकांना गुण येतो. पण औषध बंद केल्यावर मोठ्या माणसांपैकी थोड्याच जणांत तो टिकतो. म्हणून आता जगभरचा शिरस्ता असा की सहा आठवड्यांच्या आसपास स्टेरॉइड उतरवून थांबवायचं. न थांबवता येत असेल तर औषध बदलायचं, तेच ओढत राहायचं नाही. आपल्याकडे होतं उलटं. गोळी स्वस्त, मेडिकलवर मिळते, भूक लागते, अंगात तरतरी वाटते. पारोळ्याकडच्या एका शेतकरी दादांनी चौदा महिने ती स्वतःच चालू ठेवली होती. प्लेटलेट उत्तम होत्या, पण साखर ३५० वर, आणि मांडीच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठा तुटून झिजलेला. खुबा बदलावा लागला. ते माझ्याकडे काठी टेकत आले तो दिवस मी विसरत नाही.

म्हणून तुमच्या पत्नीच्या बाबतीत ‘१० मिलिग्रॅमच्या खाली आणली की घसरते’ याचा अर्थ एवढाच, की आजार स्टेरॉइडवर अवलंबून आहे आणि दुसऱ्या फळीचं औषध निवडायची वेळ आली आहे. तोवर साखर, रक्तदाब आणि हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांकडे लक्ष द्या. घरात कुणाला क्षय झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसऱ्या फळीत तीन मुख्य वाटा आहेत. पहिली, मगजाला प्लेटलेट बनवायला लावणारी औषधं: एल्ट्रोम्बोपॅगची रोजची गोळी किंवा रोमिप्लोस्टिमचं आठवड्याचं इंजेक्शन. दोन्हींना अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि बऱ्याच जणांना येतो, पण सहसा औषध चालू असेपर्यंतच. एल्ट्रोम्बोपॅग घेणाऱ्यांनी यकृताची तपासणी करत राहायचं, आणि दुधाचा नियम पाळायचा. दूध, दही, ताक, कॅल्शियम, लोह, पित्ताची पातळ औषधं यांतली धातूची क्षारं या गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात जातच नाही. या पदार्थांच्या आधी किमान दोन तास किंवा नंतर चार तास, अशी ती घ्यायची. एक ताई रोज पहाटे धार काढून झाली की दुधाच्या चहाबरोबर गोळी घ्यायच्या. महिनाभर आकडा हलला नाही, डोस वाढवायची तयारी झाली होती. चौकशी केल्यावर उलगडा झाला. संध्याकाळी साडेसातला ताकाशिवाय जेवण आणि झोपताना गोळी, एवढा बदल केला. तीन आठवड्यांत ८० हजार. रोमिप्लोस्टिम मात्र २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात एसटीतून आणायचं तर बर्फाच्या डब्यातून आणा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं तर वाया जातं.

दुसरी वाट रिटुक्सिमॅब. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची रांग ते कमी करतं. ठरावीक मात्रा असते, वर्षानुवर्षं घ्यावं लागत नाही. निम्म्याहून अधिकांना सुरुवातीला गुण येतो, पण पाच वर्षांनी पाहिलं तर तो टिकलेले साधारण पाचातले एक असतात. देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, नाहीतर दडलेला विषाणू उसळतो.

तिसरी वाट पानथरी काढणं. प्रागमध्ये १९१६ साली काझ्नेल्सन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ही कल्पना मांडली, आणि आजही दीर्घकाळ टिकणारा गुण हिच्यातच जास्त आहे, तीनातल्या दोघांना. मग मी का थांबवतोय? कारण पहिल्या वर्षात, कधी त्यानंतरही, हा आजार आपोआप शमू शकतो, आणि काढलेली पानथरी परत बसवता येत नाही. वर्ष तरी पाहायचं. शिवाय पानथरी ही काही विशिष्ट जंतूंविरुद्धची आपली राखणदार आहे. ती गेल्यावर साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तात विष पसरवू शकतो, आणि मलेरियाही भारी पडतो. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब यांच्या लसी घ्यायच्या, आणि पुढे जन्मभर ताप आला की तासाभरात दवाखाना गाठायचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, रात्री वाहन मिळत नाही अशा पाड्यावरच्या माणसाला हा सल्ला देताना मी फार विचार करतो. अमळनेरला तुमची तेवढी अडचण नसेल, पण चार महिन्यांत हा निर्णय घ्यायचं कारण मला दिसत नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे. इम्युनोग्लोब्युलिनचा एक कोर्स लाखाच्या घरात जातो आणि गुण दोन-चार आठवडेच टिकतो. म्हणून ते फक्त रक्तस्रावात, बाळंतपणाआधी किंवा शस्त्रक्रियेआधी. ऐपत नसेल तेव्हा डॅप्सोन, अझाथायोप्रिन अशी जुनी, स्वस्त औषधंही उपयोगी पडतात. डॅप्सोनआधी जी-६-पीडी तपासणी करा, आदिवासी भागात तिच्याशिवाय देऊच नये, लाल पेशी फुटतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कार्ड दाखवून विचारा. निदानाबद्दल शंका उरली तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात रक्तविकारांचा विभाग आहे, तिथे एकदा दाखवून या.

पपईच्या पानांचा रस आयटीपीत उपयोगी पडल्याचा भरवशाचा पुरावा नाही. घरच्यांची माया मी समजतो, पण रोज कडू रस पिऊन उलटी होणार असेल तर थांबवा. गुळवेलीबद्दल मात्र ठाम सांगतो: नको. तिची ख्याती प्रतिकारशक्ती चेतवण्याची, आणि इथे तीच बिथरलेली आहे. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली आहे. भरीत-भाकरी, केळी, डाळ, पालेभाजी, सगळं खा. कुठल्याही पदार्थाने प्लेटलेट चढत नाहीत, आणि कुठला सोडायचीही गरज नाही.

टाळायची आहे ती सुई. अंग दुखलं, ताप आला की गावात कमरेत सुई मारतात, ती बहुधा डायक्लोफेनॅकची असते. एक तर तिथे रक्त साकळतं, दुसरं म्हणजे हे औषध उरल्यासुरल्या प्लेटलेटही निकामी करतं. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद. दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल चालतं. पाळी जास्त जात असेल तर ट्रॅनेक्झामिक आम्लाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि लोह भरून काढा. मात्र लघवीतून रक्त येत असेल तर ती गोळी नको, गुठळीने लघवी तुंबते.

डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलट्या, झटका, बोलण्यात अडखळ, काळी संडास, तोंडात रक्ताचे फोड, तासाला पॅड भिजणं, यांपैकी काहीही झालं तर आकडा कितीही असो, त्याच घटकेला मोठं रुग्णालय.

दुसऱ्या बाळाबद्दल. आयटीपी असताना बाळ होऊ शकतं, माझ्या अनेक रुग्ण आई झाल्या आहेत. पण क्रम महत्त्वाचा. रिटुक्सिमॅब घेतलं तर नंतर सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं, आणि गरोदरपणात एल्ट्रोम्बोपॅग सहसा देत नाहीत. म्हणून औषध निवडण्याआधी दिवस राहू द्यायचे कधी, हे तुम्ही दोघांनी डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात कमी मात्रेचं स्टेरॉइड आणि लागलंच तर इम्युनोग्लोब्युलिन वापरतात. बाळंतपणाच्या वेळी ५० हजार, पाठीतून भूल द्यायची तर ७०-८० हजार लागतात. जन्मल्यावर बाळाच्याही प्लेटलेट पाहायच्या, कारण आईची प्रतिपिंडं त्याच्यात जातात आणि त्याचा आकडा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात खाली असू शकतो.

हे वाचणाऱ्या आईबापांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण लहान मुलांत सगळं निराळं आहे. शिरपूरकडच्या एक आजी चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या, ‘डाक्टर, पोरले काय व्हयनं?’ एवढंच म्हणत होत्या. सर्दी-तापानंतर अंगभर ठिपके, प्लेटलेट ७ हजार, आणि पोरगं मजेत खिडकीच्या गजांना लोंबकळत. रक्त कुठूनही येत नव्हतं. मी कुठलंही औषध दिलं नाही. आजींना ते पटायला दीड तास लागला. झाडावर चढणं, सायकल, मारामारी बंद, आणि दर आठवड्याला तपासणी. अडीच महिन्यांत आकडा लाखावर गेला. बहुसंख्य मुलं सहा महिने ते वर्षभरात अशीच आपोआप बरी होतात.

आता गडाचं. चैत्राला वेळ आहे, तोवर औषध बदलून होईल. जायच्या आठ दिवस आधी रक्त तपासा. लागोपाठ दोन महिने ५० हजारांच्या वर आणि रक्त कुठूनही नाही, असं असेल तर तिने खुशाल पायी जावं. उन्हात नाही, पहाटे आणि संध्याकाळी, बुटात मोजे घालून. वाटेतल्या सेवा शिबिरांत पाय दुखतात म्हणून लोक प्रेमाने गोळी देतात, सुई देतात. ‘मला चालत नाही’ एवढं तिने म्हणायचं आणि आपलं पॅरासिटामॉल जवळ ठेवायचं. एल्ट्रोम्बोपॅग चालू असेल तर वाटेत मिळणारं ताक वेळ पाहून प्यायचं. खिशात एक चिठ्ठी ठेवा: आजाराचं नाव, औषधं, शेवटचा आकडा, तुमचा फोन. ३० ते ५० हजारांच्या मध्ये असेल तर नांदुरीपर्यंत एसटीने जा आणि तिथून तुम्ही सोबत असा. त्याहून खाली असेल तर या चैत्रात नवस लांबवा, पुढच्या चैत्रात फेडा.